दोन्ही बर्नर सारखे

"ही चालणार नाही," थोरली म्हणाली.

दुकानदाराने शेगडीकडे पाहिलं, मग थोरलीकडे. शेगडीत खोट काढायला तशी जागा नव्हती. हिरव्या पत्र्याची, बॅगेसारखी मिटणारी, झाकण उघडलं की तेच पाठीमागे उभं राहून वारा अडवणार, आणि उजव्या बाजूला प्रोपेनची छोटी बाटली फिरवून बसवायची सोय. गाडी घेऊन तळ्याकाठी, डोंगरात मुक्कामाला जाणारे सगळे हीच नेतात, हे त्याचं नुकतंच दम लागेपर्यंत सांगून झालं होतं.

"काय वाईट आहे हिच्यात?"

"हा बर्नर मोठा आहे. आणि हा बारका."

"असतोच तसा. मोठ्यावर जेवण, बारक्यावर चहा. सोयीचं असतं बाई ते."

"कोणाच्या सोयीचं?"

थोरलीने गळ्यातली मोजपट्टी काढली, दोन्ही बर्नर आडवे मोजले, आकडा त्याच्या नाकासमोर धरला आणि पट्टी पुन्हा गळ्यात टाकून ती बाहेर पडली. हे तिचं दुसरं दुकान. पहिल्या दुकानात तिला, "आजी, घरच्या कोणाला तरी बरोबर घेऊन या," असं सुचवण्यात आलं होतं. तेव्हा तिने ज्या नजरेने पाहिलं, त्यातून ते दुकान अजून सावरलं नसावं.

मोजपट्टी काही तिने शेगडीसाठी मुद्दाम घेतली नव्हती. ती गळ्यातच असते. थोरली गेली तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर आहे. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं, आणि उभ्या पात्याचं यंत्र हाताने ढकलत एका दमात साठ बाह्या कापायच्या. सगळ्यांत वरची बाही आणि सगळ्यांत खालची बाही यांत दोऱ्याचाही फरक पडता कामा नये. पडला तर कुठल्या तरी अनोळखी पोराचा एक हात वर्षभर आखडलेला राहणार, असं ती नव्या बायकांना सांगते आणि त्या घाबरून नीट काम करतात. कारखान्यात तिला कातरबाई म्हणतात, तोंडावरही आणि पाठीमागेही. तिने घरी पाव कापला तरी फोडी एकाच साच्यातून निघाल्यासारख्या पडतात. अन्याय तिला डोळ्यांनी दिसतो, आणि तोही सेंटिमीटरमध्ये.

अशा बाईच्या हातून तिच्याच स्वयंपाकघरात एक अन्याय झाला होता. त्याला आता चौदा वर्षं होत आली होती आणि तो तिला अजून टोचत होता.

त्यांचं घर दुमजली. खाली थोरला आणि थोरली, वर धाकटा आणि धाकटी. नावं सगळ्यांना होती, कागदोपत्री. पण सासूने आपल्या दोन मुलांना जन्मात नावाने हाक मारली नाही, आणि सुना आल्या त्याही त्याच रांगेत बसल्या. थोरली लग्न होऊन आली तेव्हा धाकटा दहा वर्षांचा होता. सासू तब्येतीने थकलेली, त्यामुळे त्याचा डबा, त्याचा अभ्यास, त्याचा हलणारा दात, सगळं नव्या नवरीच्या गळ्यात पडलं. तिनेही ते हौसेने घेतलं. शाळेतून आला की दप्तर दारातच टाकून तो आधी स्वयंपाकघरात यायचा, "वहिनी, काय आहे?" म्हणायचा आणि जे असेल ते उभ्यानेच खायचा. पुढे तो दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. अक्षर असं की दुकान बंद पडलं तरी मालक पाटी काढून घरी न्यायचे. सत्ताविसाव्या वर्षी त्याने वर्गातल्याच एका मुलीशी लग्न केलं. ती घरच्यांसारखी त्याला सरळ "धाकटा"च म्हणायची, अरेतुरे करायची. सासू आधी नाक मुरडायची, नंतर तीही हसायला लागली.

तेव्हा स्वयंपाकघर एकच होतं, खालचं. शेगडीही एकच, दोन बर्नरची, एक मोठा आणि एक बारका. सासूने त्यांनासुद्धा सोडलं नव्हतं. थोरल्यावर भात टाका, धाकट्यावर दूध ठेवा, अशी तिची भाषा. थोरला पटकन तापतो आणि धाकटा आपला निवांत, जसे मुलगे तसेच बर्नर, असं म्हणून ती स्वतःच खूश व्हायची. पुढे ती गेली, पण बर्नरांची नावं घरात राहिली. थोरलीला सकाळी लवकर कारखाना गाठायचा असायचा, म्हणून थोरला बर्नर तिच्याकडे आला. धाकटीकडे धाकटा. कोणी बसून ठरवलं नव्हतं, तसं पडून गेलं होतं. अशी सहा वर्षं गेली.

मग एके दिवशी सकाळी ते झालं. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस, कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नाही अशी धांदल. थोरली डब्याचं झाकण लावत होती. धाकटी दुधासमोर उभी होती. तिने मान वर न करता म्हटलं, "वहिनी, धाकट्यावर माझं भागत नाही आता."

थोरलीचं डोकं आधीच तापलेलं होतं. सहा वर्षं मनात ठेवलं आणि आज, नेमक्या याच दिवशी, बर्नरचं काढलं. तिने झाकण दाबून बसवलं आणि म्हणाली, "मग मांड ना वर वेगळी चूल. दोन्ही बर्नर तुझेच."

आणि ती निघून गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा वरच्या मजल्यावर नवी शेगडी आली होती.

त्यानंतर भांडण असं कधी झालं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. पाणी आलं का, विजेचं बिल आलंय, जिन्याचा दिवा गेलाय, एवढ्यावर दोघींचं बोलणं चालायचं, आणि तेही अगदी गोड आवाजात. धाकटीने गाडी शिकून घेतली आणि पुढे ती शाळेची बस चालवायला लागली. धाकटा भावाकडे येऊन दाराशी उभा राहायचा, बोलायचा, हसायचा, पण आत येऊन जेवायला कधी बसला नाही. बायकोने कान भरले असतील, असं थोरलीने एक-दोनदा मनात म्हणून पाहिलं. पण त्यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. बारका बर्नर सहा वर्षं दुसरीच्या माथी मारणारी बाई आपणच होतो, हे तिने मापून ठेवलं होतं.

सात महिन्यांपूर्वी धाकटा गेला. बस डेपोत शिडीवर उभं राहून बसच्या टपावर नंबर रंगवत होता, खाली उतरला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि संपलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. थोरलीने घरात सगळ्यांदेखत जो आक्रोश केला तो पाहून लोकांना वाटलं, मुलगाच गेला हिचा. तसं पाहिलं तर ते फार चूक नव्हतं.

तेव्हापासून थोरली स्वयंपाकघरात उभी राहून वरचा कानोसा घ्यायची. वर भांड्याचा आवाज येईना. थोरलीची मुलगी नोकरीला दूरच्या शहरात, धाकटीला मूलबाळ नाही, त्यामुळे वर जाऊन, "आई, जेवून घे," म्हणायला कोणीच नव्हतं. धाकटी बस लावून यायची, पाव चघळत खिडकीशी उभी राहायची आणि दिवा मालवायची. तिचे गाल आत गेले. थोरलीने डबे पाठवले. ते घासूनपुसून परत यायचे, "छान झालं होतं," या निरोपासकट. एकदा कचरा टाकायला गेली तेव्हा थोरलीला कचऱ्याच्या डब्यात आपलंच सूप ओळखू आलं. त्या दिवशी तिलाही घास उतरला नाही. हिला माझ्या हातचं नको असेल तर नको, पण हिने खाल्लं पाहिजे, कुठेही, कोणाच्याही शेगडीवर, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं.

शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी धाकटी जिना उतरताना थांबली. "वहिनी, धाकट्याची गाडी आहे, तंबू आहे. या सुट्टीत आम्ही दोघं तळ्यावर जाणार होतो. एकटी जाऊन काय करू? तुम्ही येता का?"

थोरली आयुष्यात कधी पलंग सोडून झोपलेली नव्हती. तंबू म्हटलं की तिला किडे आठवत.

"येते," ती म्हणाली. "शेगडी मी आणते."

थोरल्याने हे ऐकलं तेव्हा त्याने वर्तमानपत्र खाली केलं. थोरला पाणीखात्यातून निवृत्त झालेला, मीटर वाचायचा. तो बोलायचा कमी आणि त्यातही निम्मं स्वतःशी. "अगं, घरातली जुनी एका बर्नरची आहे की माळ्यावर."

"दोन बर्नरची हवी."

"दोन दिवसांसाठी?"

"दोन बायकांसाठी," थोरली म्हणाली, आणि थोरला पुन्हा वर्तमानपत्रात गेला. त्याच्या संसाराचं सगळं यश या एका सवयीत आहे.

अशी ती दुकानं पालथी घालायला लागली. धाकटीला या वेळी बारक्या बर्नरसमोर उभं करायचं नाही, एवढं पक्कं होतं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहतील, सारख्याच आचेवर रांधतील, आणि मग आपण म्हणू की चुकलं माझं. नेमकं कसं म्हणायचं ते शेगडी पेटल्यावर सुचेल, असं तिने धरून ठेवलं होतं.

तिसरं दुकान गावाबाहेर होतं. वापरलेले तंबू, झोपायच्या पिशव्या, कंदील, असला माल. दुकान एका जाड चष्म्याच्या बाईचं. सगळे तिला तंबूवाली म्हणत. तिने थोरलीचं ऐकून घेतलं आणि हसली नाही, यावरच थोरलीचा तिच्यावर जीव बसला.

"सारखे तर खोक्यावर सगळेच लिहितात," तंबूवाली म्हणाली. "पण दोन्ही एकदम पेटवून बघितल्याशिवाय खरं कळत नाही. एक मोठा केला की दुसरा उतरतो. गॅस एकाच बाटलीतून येतो ना."

"मग पेटवून बघू."

मागच्या अंगणात एका दगडी ओट्यावर चार शेगड्या मांडल्या गेल्या. थोरलीने पिशवीतून पत्र्याचे दोन मग काढले, अगदी जुळे, कारखान्यातून मागून आणलेले. दोन्हींत सारखं पाणी ओतलं, खाली वाकून पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत तपासली, एका मगातलं थेंबभर पाणी दुसऱ्यात टाकलं आणि घड्याळ हातात धरून उभी राहिली. पहिल्या शेगडीचा डावा मग उकळला तेव्हा उजव्यात जेमतेम बुडबुडे होते. दुसरीचं तेच. तिसरीचा एक बर्नर तर दुसऱ्याचा आवाज वाढताच मान टाकायचा. तंबूवालीला आता स्वतःलाच चेव आला होता. ती दुकान उघडं टाकून तिथेच ठाण मांडून बसली.

चौथी शेगडी राखाडी रंगाची, जड, एका कोपऱ्यात पोचा आलेली. तिच्यात बाटलीपासून दोन वेगळ्या नळ्या निघून दोन बर्नरांना जात होत्या. दोन्ही मग एकाच वेळी खदखदले. थोरलीने पाणी बदलून पुन्हा पाहिलं, मगांच्या जागा बदलून पुन्हा पाहिलं. फरक नाही.

"हीच."

"एक सांगून ठेवते," तंबूवाली म्हणाली. "हिची आच मंद होत नाही. बटण कमी केलं की विझते. भात, दूध असलं काही करणार असाल तर ती दुसरी घ्या, बारक्या बर्नरवाली. ती मंद छान चालते."

"मंद नको आहे मला," थोरली म्हणाली. "मंदच तर नको आहे."

शनिवारी दोघी निघाल्या. गाडीत मागे अजून रंगाच्या डब्यांचे गोल डाग होते आणि टर्पेंटाइनचा वास होता. दोन तासांत दोघींनी त्याचा उल्लेख केला नाही. तळ्याशी पोचल्यावर धाकटीने पंधरा मिनिटांत तंबू उभा केला. चाळीस मुलांना रोज बसमध्ये बसवणाऱ्या बाईला तंबू काय जड. थोरलीने घडीचं टेबल उघडलं, ते डगमगत नाही ना ते पाहिलं, त्यावर शेगडी ठेवली, बाटली फिरवून घट्ट केली आणि काडी ओढली. दोन निळी वर्तुळं फुलली. अजून ऊन होतं, त्यामुळे ती नीट दिसावीत म्हणून थोरली हाताने सावली करून उभी राहिली.

"बघ," ती म्हणाली. "दोन्ही सारखे आहेत."

"छान आहे," धाकटी कांदा चिरत म्हणाली.

"म्हणजे तू या बाजूला उभी राहिलीस तरी चालेल. किंवा त्या. कुठल्याही."

"बरं वहिनी."

थोरलीला वाटलं होतं याच्यापुढे आपोआप काही होईल. काही झालं नाही. तिने सूपाचं पातेलं डावीकडे चढवलं. धाकटीने उजवीकडे तांदूळ टाकले आणि उकळी फुटल्यावर बटण कमी केलं. ज्योत विझली. काडी ओढून पुन्हा लावली, पुन्हा कमी केलं, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा तिने मोठ्यावरच ठेवून नुसतं ढवळत राहून पाहिलं, तोवर खालून करपल्याचा वास आला.

"वहिनी, याला मंद आच नाही का?"

"मंद कशाला हवी तुला?"

"मला मंदच लागते. हात तसाच बसलाय." धाकटी पातेलं उचलून धरत म्हणाली. "आपला खालचा धाकटा बर्नर काय छान होता. तसा मला परत मिळाला नाही. वर तीन शेगड्या बदलल्या, तशी आच नाही लागली. दूध ठेवावं आणि विसरून जावं."

थोरलीचा डाव सूपात तसाच थांबला. "तो तर तुला नको होता."

"कोण म्हणालं?"

"तू. तूच म्हणालीस. धाकट्यावर माझं भागत नाही म्हणून."

धाकटीने पातेलं टेबलावर ठेवलं. मग हात लांब करून तिने दोन्ही बटणं बंद केली, आधी स्वतःचं, मग थोरलीचं. बर्नरांची फुसफुस थांबली. ती थोरलीकडे बघत राहिली. एखादं पोर चुकून भलत्याच बसमध्ये चढलेलं सापडावं, तसं बघत होती.

"वहिनी," ती म्हणाली, "मी बर्नरबद्दल नव्हते बोलत."

थोरलीला कळायला क्षण लागला. मग कळलं, आणि तिने टेबलाची कड धरली.

"त्याला आठ महिने काम नव्हतं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज साधाच होता, जिन्यात पाण्याबद्दल बोलायची तसा. "छापील पाट्या निघाल्या, हाताने रंगवून कोण घेणार. तो रोज सकाळी ब्रशची पेटी घेऊन बाहेर पडायचा आणि बागेत जाऊन बसायचा. फक्त मला माहीत होतं. मी म्हटलं, वहिनींना सांगावं. त्यांच्या कारखान्यात मला शिलाईला लावून घेतील. सुरुवात कशी करावी तेच कळत नव्हतं. धाकट्यावर भागत नाही, एवढं म्हटलं. पुढचं बोलणार होते."

"आणि मी म्हणाले..."

"वेगळी चूल मांड म्हणालात."

थोरली घडीच्या खुर्चीत बसली. आपण किती वर्षं काय उराशी धरून होतो याचा विचार तिच्या डोक्यात आला आणि लगेच गेला, कारण त्याच्यामागे दुसरा विचार उभा होता.

"त्याला सांगितलंस तू? मी काय म्हणाले ते?"

"सांगायला कशाला हवं? तो दाराबाहेर उभा होता. पेटी घेऊन निघाला होता."

"काय वाटलं त्याला?"

धाकटीने करपलेल्या पातेल्यात चमचा घालून उगीच खरवडलं.

"सांग," थोरली म्हणाली. "खरं सांग मला."

"त्याला वाटलं, वहिनीला कळलं. आपण बसून खातोय ते वहिनीला कळलं आणि तिला ते नको झालं. मला म्हणाला, आता पुन्हा वहिनीकडे घास घ्यायचा नाही, तिला वाटेल परत बसून खायला आला." धाकटीने मान हलवली. "रागाने नाही म्हणाला. तुमचा राग त्याला कधी आलाच नाही. लाज वाटायची त्याला. पुढे बस डेपोत काम लागलं, पैसे यायला लागले, तरी ती गेली नाही."

थोरली रडायला लागली. धाकटा गेला तेव्हासारखा आक्रोश नव्हता, नुसते खांदे हलत होते. दहा वर्षांचा पोर दप्तर टाकून आत यायचा, काय आहे म्हणायचा, त्याला आपण एकदाही नाही म्हटलं नव्हतं. आणि तो तेरा वर्षं दाराशी उभा राहिला, भुकेला असला तरी हसून परत गेला, आणि तसाच मेला. त्याला एकदा आत ये म्हटलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. तिला वाटत राहिलं होतं की आपणच अपराधी, आपण कोणत्या तोंडाने बोलवायचं.

"मी त्याला जेवू घातलंय गं," ती कशीबशी म्हणाली. "लहानपणापासून जेवू घातलंय."

"माहीत आहे. म्हणून तर त्याला तेवढं लागलं."

"मला बर्नर वाटला."

"हो."

"मी चार दुकानं... तीन दुकानं फिरले. मगातलं पाणी मोजलं."

"कशासाठी?"

"दोन्ही सारखे मिळावेत म्हणून."

धाकटीने शेगडीकडे पाहिलं, त्या पोच्याकडे, वेगळ्या काढलेल्या दोन नळ्यांकडे. तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती थोरलीच्या शेजारी जमिनीवर बसली, तिच्या गुडघ्याला कपाळ टेकून. सात महिन्यांत ती कोणासमोर रडली नव्हती. सगळे येऊन गेले होते, सगळ्यांना तिने पाणी दिलं होतं. थोरलीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मोजपट्टीचं टोक धाकटीच्या केसांत अडकलं, ते कोणी सोडवलं नाही.

"त्याच्यावर भागत नाही म्हटलं मी," धाकटी गुडघ्यात तोंड घालून म्हणाली. "तेही त्याने ऐकलं ना वहिनी. मी तेच आठवत बसते. मीही तेच म्हटलं होतं."

थोरलीने हात तसाच ठेवला. मग ती म्हणाली, "दोघींनी मिळून केलं म्हणजे."

"दोघींनी," धाकटी म्हणाली.

ऊन उतरत आलं. पलीकडच्या काठावर कोणाची तरी मुलं पाण्यात दगड फेकत होती. थोरली उठली, कारण तिच्या स्वभावात तेच आहे, आणि तिने पातेल्यात पाहिलं. भात खाली करपलेला, वर कच्चा, मधला एक थर मात्र बरा होता. सूपात बटाटा अर्धा शिजला होता. तिने दोन्ही बर्नर मोठे केले, सूपाला दणकून उकळी आणली आणि ताटलीत मधला भात काढून त्यावर ते ओतलं. दोघी जेवायला बसल्या. चव अशी होती की कारखान्यात कोणी डब्यात आणलं असतं तर कातरबाईने तोंडावर सांगितलं असतं.

धाकटी सावकाश खात होती. थोरलीने तिच्याकडे बघायचं टाळलं, तळ्याकडे बघितलं, पण कान तिच्या चमच्याकडे होता. चमचा थांबत नव्हता. मग ताटली खरवडल्याचा आवाज आला.

"अजून आहे का?" धाकटीने विचारलं.

थोरलीने पातेलं तिच्या ताटलीत उलटं केलं, करपलेल्या खपलीसकट. धाकटीने तेही खाल्लं.

भांडी विसळताना थोरलीने ते बोलून टाकलं. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलं तर पुन्हा चौदा वर्षं जातील अशी तिला भीती वाटली. "घरी गेल्यावर खाली जेवायला ये. रोज नको. येशील तेव्हा ये."

धाकटीने बराच वेळ मग पुसला. "खाली नाही येणार वहिनी. राग नाही माझा. पण त्या ओट्यासमोर उभी राहिले की मला ती सकाळ ऐकू येते. तो दाराबाहेर आहे असं वाटतं."

"मग मी वर येते."

"तुमचे गुडघे?"

"एकेक पायरी बसत बसत येईन. रात्रीच्या जेवणाला दुपारी निघेन."

धाकटी हसली. "डबा भरून आणाल मग. तुमचं मला माहीत आहे."

"नाही आणणार," थोरली म्हणाली. "रिकाम्या हाताने येईन. तू जे रांधशील ते, तुझ्या घरी, बसून खाईन."

धाकटीने हातातला मग खाली ठेवला. तिने थोरलीकडे पाहिलं, आणि तिला त्यातलं 'बसून खाईन' नीट कळलं आहे हे थोरलीलाही दिसलं.

"या," धाकटी म्हणाली. "मी वाढते."